गमाल अब्दुल नासेर : तीन दिल्लीभेटी आणि एकहाती सत्तेची कहाणी

नवी दिल्ली, २८ सप्टेंबर : अरब राष्ट्रवादाचे सर्वांत प्रभावी नेते आणि इजिप्तचे माजी राष्ट्राध्यक्ष गमाल अब्दुल नासेर यांचा आज स्मृतिदिन. अलिप्ततावादी चळवळीचे एक शिल्पकार म्हणून भारतीयांना त्यांचे नाव परिचित आहे. १९५५, १९६० आणि १९६६ या वर्षी ते राजधानी दिल्लीत आले होते. या प्रत्येक भेटीच्या वेळी त्यांच्या देशातील सर्वोच्च राजकीय व्यवस्थेचे नाव निराळे होते. अंतिम निर्णय घेणारा हात मात्र एकच होता.

नासेर यांचा जन्म १५ जानेवारी १९१८ रोजी अलेक्झांड्रिया येथे झाला. वडील टपाल खात्यात कारकून होते. सैनिकी शिक्षण पूर्ण करून १९३८ मध्ये ते सेनाधिकारी झाले. १९४८च्या पॅलेस्टाईन युद्धात फालुजा येथे वेढ्यात सापडलेल्या तुकडीत ते होते. राजा फारूक यांच्या राजवटीविषयीचा त्यांचा रोष त्या अनुभवाने अधिक तीव्र झाला. पुढे त्यांनी स्वतंत्र अधिकाऱ्यांची गुप्त संघटना बांधली आणि २३ जुलै १९५२ रोजी या संघटनेने सत्ता हस्तगत केली. तीन दिवसांत राजाने सिंहासन सोडले.

सत्ता हाती घेणाऱ्या अधिकाऱ्यांचे क्रांती परिषद हे सर्वोच्च मंडळ होते. आरंभी तेथे खुली चर्चा होत असे. परंतु जानेवारी १९५३ मध्ये सर्व राजकीय पक्षांवर बंदी आली आणि नोव्हेंबर १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष महंमद नजीब यांना पदच्युत करण्यात आले. एप्रिल १९५५ मध्ये बांडुंग परिषदेला जाताना नासेर दिल्लीत थांबले आणि पंडित जवाहरलाल नेहरूंसमवेत पुढे रंगूनला गेले, तेव्हा परिषदेची सूत्रे पूर्णतः त्यांच्याकडे आली होती.

जून १९५६ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि क्रांती परिषद विसर्जित झाली. पुढच्याच महिन्यात, २६ जुलै रोजी, त्यांनी सुएझ कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. मंत्रिमंडळाला या निर्णयाची कल्पना भाषणाच्या काही तास आधी देण्यात आली होती. काही दिवसांपूर्वी ब्रियोनीहून कैरोपर्यंत त्यांच्याबरोबर प्रवास केलेल्या नेहरूंनाही त्याची वार्ता नव्हती. तरीही ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने केलेल्या आक्रमणाचा भारताने ठाम निषेध केला. या संघर्षातून नासेर समस्त अरब जगताचे नायक म्हणून पुढे आले.

फेब्रुवारी १९५८ मध्ये सीरिया आणि इजिप्त यांचे संयुक्त अरब प्रजासत्ताक स्थापन झाले. सीरियातील पक्ष विसर्जित करावेत, ही नासेर यांची अट होती. एकीकरणासाठी झटलेल्या बाथ पक्षानेही ती मान्य केली. राष्ट्रीय संघ ही एकमेव राजकीय संघटना उरली. सत्तेत खरा वाटा मिळत नसल्याचे पाहून १९५९च्या अखेरीस बाथ मंत्र्यांनी राजीनामे दिले. त्यानंतर काही महिन्यांनीच, १९६०च्या वसंतात, नासेर भारताच्या राजकीय दौऱ्यावर आले. दिल्लीत त्यांचे भव्य स्वागत झाले. २८ सप्टेंबर १९६१ रोजी सीरिया या संघराज्यातून बाहेर पडला.

या आघातानंतर १९६२ मध्ये अरब समाजवादी संघाची स्थापना झाली. सर्वोच्च कार्यकारी समिती हे या सत्ताधारी संघटनेचे शिखर होते. त्याच वर्षी सामूहिक नेतृत्वासाठी अध्यक्षीय मंडळही नेमले गेले. मात्र सेनादलातील वरिष्ठ पदोन्नतींचे अधिकार या मंडळाकडे घेण्याचा प्रयत्न सेनाप्रमुख अब्दुल हकीम आमेर यांच्या विरोधामुळे फसला.

ऑक्टोबर १९६६ मध्ये इंदिरा गांधी आणि युगोस्लाव्हियाचे मार्शल टिटो यांच्याशी त्रिपक्षीय चर्चेसाठी नासेर पुन्हा दिल्लीत आले. मधल्या काळात भारताने नेहरू आणि लालबहादूर शास्त्री हे दोन पंतप्रधान गमावले होते. त्याच वर्षी जानेवारीत काँग्रेस संसदीय पक्षाने गुप्त मतदानाने इंदिरा गांधी यांना ३५५ विरुद्ध १६९ मतांनी मोरारजी देसाई यांच्याऐवजी निवडले होते. मतभेद मोजून नेता ठरविण्याची अशी रीत कैरोत रुजली नव्हती.

तिची उणीव जून १९६७च्या पराभवात प्रकर्षाने जाणवली. ९ जून रोजी नासेर यांनी राजीनामा जाहीर केला. लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि दुसऱ्या दिवशी तो मागे घेण्यात आला. १९६८ मध्ये विद्यार्थी व कामगारांच्या असंतोषानंतर समितीसाठी निवडणूक झाली. अली सबरी यांना सर्वाधिक मते मिळाली. परंतु डिसेंबर १९६९ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदी अन्वर सादात यांची नियुक्ती झाली, ती नासेर यांच्या इच्छेने.

२८ सप्टेंबर १९७० रोजी हृदयविकाराने वयाच्या ५२व्या वर्षी नासेर यांचे निधन झाले. कैरोतील अंत्ययात्रेला अभूतपूर्व जनसागर लोटला. एप्रिल १९७१ मध्ये लिबिया आणि सीरियाबरोबरच्या महासंघाच्या प्रश्नावर समितीच्या बहुमताने नवे राष्ट्राध्यक्ष सादात यांना विरोध केला. मे महिन्याच्या मध्यापर्यंत सबरी आणि त्यांचे प्रमुख सहकारी तुरुंगात होते. जनतेतून कोणीही त्यांच्या बाजूने उभे राहिले नाही. लोकांची निष्ठा नासेर यांच्यावर होती. समितीच्या वाट्याला ती कधीच आली नव्हती.

सुएझ कालवा आजही इजिप्तच्या मालकीचा आहे आणि आस्वानचे उंच धरण नील नदीवर उभे आहे. अरब समाजवादी संघ मात्र नासेर यांच्या निधनानंतर दशकभरातच इतिहासजमा झाला.