इंटरला वारंवार नापास झालेले नरहर कुरुंदकर साहित्याचे प्राध्यापक कसे झाले?

मराठवाड्याचे विचारवंत आणि समीक्षक अशी नरहर कुरुंदकर यांची ओळख. मात्र इंटरच्या परीक्षेत ते एकदा नव्हे, अनेकदा नापास झाले होते.

सुरुवात कुठे झाली?
जन्म १५ जुलै १९३२ चा. मूळ गाव वसमत तालुक्यातील कुरुंदा. हा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता, १९९९ पासून तो हिंगोलीत आहे. शिक्षणासाठी ते हैदराबादला गेले. तिथे मामा ना. गो. नांदापूरकर उस्मानिया विद्यापीठात मराठी शिकवत. भाच्याचे वाचन अफाट होते, पण बरेचसे अभ्यासक्रमाबाहेरचे.

पदवी कशासाठी?
१९५५ मध्ये ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. साहित्यावर अधिकाराने बोलत असले, तरी महाविद्यालयात शिकवायचे तर एम.ए. हवे होते. व्यासंग होता, कागद नव्हता. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि उच्च शिक्षण जवळ आले. शाळेची नोकरी सांभाळत कुरुंदकरांनी आधी बी.ए. आणि मग मराठीत एम.ए. पूर्ण केले.

पुढे काय झाले?
१९६३ मध्ये ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले, पुढे तिथेच प्राचार्य. मराठी कादंबरीच्या वाटचालीवरचे 'धार आणि काठ' हे त्यांचे पुस्तक याच काळातले.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ४९. महाविद्यालयात साहित्य शिकवायला त्यांना जेमतेम १९ वर्षे मिळाली.