श्रीसंत गाडगेबाबा आणि मुंबईतला आसरा



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. ह्या शंभर वर्षांत दिंडीनं कोणाला उपाशी झोपू दिलं नाही, असं आपण अभिमानानं सांगतो आणि ते खरं आहे. पण दिंडीत जो चालतो तो आपला. जो दिंडीत नाही, रस्त्याच्या कडेला बसलाय, त्याचं काय? ह्या एका प्रश्नावर ज्यांनी अख्खा जन्म घातला त्या गाडगेबाबांचं चरित्र आम्ही थोडक्यात मांडतो.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. जात परटाची. आईचं नाव सखुबाई. बाप दारूपायी गेला तेव्हा डेबू आठेक वर्षांचा होता. मग माय लेकराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे गावी. तिथं डेबूनं मामाची गुरं राखली, नांगर धरला. मातीत राबणारं पोर होतं ते. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नाही.

पुढं मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, अंगठा उठवला आणि काळी माती हातची गेली. आपण शेतकरी माणसं, आपल्याला हे दुःख समजावून सांगायला नको. डेबूनं त्या वेळी सावकाराच्या माणसांपुढं उभं राहून आपलं औत सोडलं नाही. आणि एक गोष्ट त्याच्या मनात कायमची बसली, की अडाणी माणसाला कोणीही बेघर करू शकतो. पुढं बाबा कीर्तनात पोरांना शाळेत घाला म्हणून कळवळून सांगायचे, त्याचं मूळ इथं आहे.

लग्न झालं, बायको कुंताबाई, लेकरं झाली. मुलीच्या बारशाला जातीची माणसं दारू-मटणाची वाट बघत बसली होती. डेबूजीनं गोडाचं जेवण वाढलं. लोक रुसले. रुसू दिलं. ज्या दारूनं बाप नेला ती दारात येऊ द्यायची नाही, हा त्यांचा निश्चय होता.

१ फेब्रुवारी १९०५ ला पहाटे बाबांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि फुटकं मडकं, म्हणजे गाडगं. त्यावरून लोक गाडगेबाबा म्हणायला लागले. गाडगं हेच ताट आणि तेच पाणी प्यायचं भांडं. गावात आले की हातात खराटा घ्यायचा आणि गाव झाडायचं. गटार, देवळापुढची जागा, काही सोडायचं नाही. झाडून झालं की भाकरी मागायची, तीही काम केल्यावर. रात्री कीर्तन. दिवसा गावातली घाण काढायची आणि रात्री डोक्यातली.

१९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली. कीर्तन थांबलं नाही. आम्ही कीर्तन करणारी माणसं आहोत. घरी नुसता ताप असला तरी आमचं चित्त अभंगावरून उडतं. मग ह्या माणसाचं काळीज कसलं असेल, ह्याचा विचार करून थक्क व्हायला होतं. काळीज दगडाचं नव्हतं. सगळ्या जगाची लेकरं त्यात शिरली होती म्हणून ते मोठं झालं होतं.

आता मुख्य गोष्ट. बाबा दर आषाढीला पंढरीला यायचे, पण देवळात गर्दी करायला जायचे नाहीत. चंद्रभागेचं वाळवंट झाडायचे आणि तिथंच कीर्तनाला उभे राहायचे. वारीत त्यांनी पाहिलं, की पैसेवाल्याला माडी मिळते आणि गरीब वारकरी पावसात वाळवंटात भिजतो. त्यातही महार, मांग, चांभार ह्यांना तर ओसरीवरसुद्धा कोणी टेकू देत नव्हतं. चोखोबा पायरीशी राहिले आणि त्यांच्या मागून येणारे उघड्यावर राहिले. म्हणून बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधायला घेतली. मग मराठा धर्मशाळा झाली. पुढं नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणीही धर्मशाळा झाल्या. ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट बांधला. तिथं आंधळे, पांगळे, महारोगी ह्यांना पोटभर जेवण आणि अंगावर घालायला कपडा द्यायचे. त्या पंगतीत पहिला मान पांगळ्याचा. गावचा पाटील, शेठ, सगळे वाढायला उभे.

ह्या सगळ्याला लाखांनी पैसा लागला आणि लोकांनी तो दिला. बाबांनी स्वतःसाठी त्यातला पैसा ठेवला नाही. विश्वस्त नेमले, कागद केले आणि त्यात आपल्या घरच्या कोणाचा हक्क ठेवला नाही. स्वतः झाडाखाली नाहीतर झोपडीत निजायचे. ज्यानं हजारोंना छप्पर दिलं त्याला स्वतःचं छप्पर नव्हतं.

मुंबईत बाबांचं येणं-जाणं पुष्कळ होतं. आपल्या घाटावरची आणि कोकणातली माणसं तेव्हा परळ-लालबागला गिरणीत कामाला. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीनं झोपायचं. तरी त्यांना खोली होती. दादरला राहणारे प्रबोधनकार ठाकरे ह्यांनी बाबांचं चरित्र लिहिलं. १९४९ साली बाबा मुंबईत आजारी होते. तेव्हा डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर, जे दिल्लीला कायदामंत्री होते, ते दोन घोंगड्या घेऊन भेटायला आले असं सांगतात. कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळाही बाबांनी बाबासाहेबांच्या हाती सोपवली. एकानं खराट्यानं रस्ता झाडला, दुसऱ्यानं कायद्यानं.

मुंबईत बाबांना एक गोष्ट दिसली जी आपल्याला आजही दिसते. खेड्यातला माणूस आजारी पडला की तालुक्याला जातो, तिथून जिल्ह्याला, तिथून मुंबईला. भायखळ्याचं जे. जे., परळचं केईएम, तिथलंच कॅन्सरचं टाटा इस्पितळ. रोग्याला खाट मिळाली तर मिळते. पण त्याच्याबरोबर आलेली म्हातारी आई, बायको, कडेवरचं पोर, ह्यांना खाट कुठली? ती फुटपाथवर. पिशवीत कपडे, डबा आणि रिपोर्टांचा गठ्ठा. कॅन्सरचे शेक घ्यायचे तर पुष्कळ रोग्यांना आत ठेवतच नाहीत, रोज यायला सांगतात, आणि ते कित्येक आठवडे चालतं. लॉजचं भाडं परवडत नाही. घरी जावं तर गाव चारशे-पाचशे किलोमीटर लांब. गावी घर आहे, शेत आहे, अंगणात तुळस आहे, आणि मुंबईत हाच माणूस बेघर. रस्त्यावर झोपलेल्याला पाहून आपण आळशी, दारुडा म्हणून पुढं जातो. तो कदाचित आपल्या शेजारच्या गावचा माळकरी असतो.

हे ओळखून बाबांनी १९५४ साली जे. जे. इस्पितळात येणाऱ्या रोग्यांच्या नातलगांसाठी मुंबईत धर्मशाळा बांधली. त्याआधी ८ फेब्रुवारी १९५२ ला गाडगेबाबा मिशन स्थापन झालं होतं. पुढं मिशननं दादरलाही धर्मशाळा चालवली. टाटा इस्पितळात उपचार घेणारे रोगी आणि त्यांचे नातलग आज तिथं उतरतात. आपल्या पंचक्रोशीतूनही माणसं मुंबईला उपचाराला जातात, तेव्हा त्यांना हा पत्ता सांगणं हेसुद्धा पुण्य आहे.

धर्मशाळा म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. तिथं झाडणारा लागतो, वाढणारा लागतो, फॉर्म भरून देणारा लागतो, रात्री दोन वाजता टॅक्सी आणणारा लागतो. परळला इस्पितळांच्या बाहेर आजही कितीतरी तरुण पोरं, नोकरीवाल्या बाया, दुकानदार संध्याकाळी खिचडी, पोळी-भाजी वाटतात. त्यांतल्या कित्येकांच्या गळ्यात माळ नाही. पण बाबांनी माळ तरी कुठं विचारली होती? त्यांनी कोणाला शिष्य केलं नाही आणि कोणाचे गुरू म्हणवून घेतले नाहीत. भुकेलेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, गरिबाच्या पोराला शिक्षण, रोग्याला औषध, एवढाच त्यांचा धर्म होता. नाथांनी रामेश्वराला न्यायची गंगा तहानलेल्या गाढवाला पाजली, त्याच वाटेनं बाबा चालले.

कोणी म्हणेल, असं वाटत बसलं तर लोक आयतोबा होतील. बाबांना आयतोबाचा फार राग. धडधाकट भिकाऱ्याला ते काम सांगायचे. पण ज्याचे हातपाय चालत नाहीत, ज्याचं माणूस आत मरणाशी झुंजतंय, त्याला आधी घास, मग प्रश्न. हा फरक ज्याला कळला त्याला बाबा कळले.

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात बाबांचं कीर्तन झालं. ते टेपवर उतरवून घेतलं म्हणून तो आवाज आजही ऐकायला मिळतो. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. बाबांना तो घाव फार लागला. त्यानंतर दोनच आठवड्यांत, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडीतच बाबांनी देह ठेवला. घर सोडून निघालेला माणूस शेवटी रस्त्यावरच गेला. अमरावतीला समाधी आहे, तिथल्या विद्यापीठाला बाबांचं नाव आहे, सरकारच्या ग्रामस्वच्छतेच्या कामालाही नाव आहे. शाळा न शिकलेल्या माणसाचं नाव विद्यापीठाला लागलं, हा पांडुरंगाचा चमत्कार म्हणायचा.

आता दिंडीनं काय करावं? आमच्या मनात दोन गोष्टी आहेत, पंचमंडळींनी विचार करावा. बारशीला पारण्याची पंगत बसते तेव्हा पहिली पंगत मांडवाबाहेरच्यांची असावी, आणि आपण वाढावं. आणि सुगीला दिंडीसाठी घरटी धान्य गोळा करतो, त्यात घरामागं एक पायली जास्त घालून ते मुंबईला रोग्यांच्या जेवणासाठी पाठवावं. मुंबईला कामाला असलेल्या आपल्या पोरांनी ते पोहोचवावं आणि महिन्यातून एक रविवार तिथं वाढायला उभं राहावं. झेंडा नको, फोटो नको. बाबांनी गाव झाडलं तेव्हा फोटो काढायला कोणी नव्हतं, तरी गाव स्वच्छ झालंच.

पंढरीला विटेवर उभा आहे तो आपला देव खराच. पण परळच्या फुटपाथवर रिपोर्टांची पिशवी उशाला घेऊन निजलाय, तोही त्याचाच आहे. त्याला घास दिला की वारी पोचली.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल.