डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे : प्रवेश परीक्षेच्या आधीची शाळा

दरवर्षी आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात दहावी झालेला एखादा मुलगा सांगतो, मला एनडीएत जायचे आहे. लगेच आई-वडील विचारतात, क्लास कोणता लावावा? अशा वेळी मला डॉ. मुंजे आठवतात. हाच प्रश्न त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी सोडवायला घेतला होता, पण दुसऱ्या टोकाकडून.

डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी घरातले. जन्म १२ डिसेंबर १८७२, गाव बिलासपूर, आजच्या छत्तीसगडमधले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८९८ साली ते डॉक्टर झाले. पुढे बोअर युद्धाच्या वेळी वैद्यकीय पथकातून दक्षिण आफ्रिकेला गेले. लढाई आणि सैन्याची शिस्त त्यांनी तिथे जवळून पाहिली, आणि ती ओढ आयुष्यभर राहिली. परत आल्यावर नागपुरात नेत्रवैद्य म्हणून त्यांनी नाव कमावले. नेत्रचिकित्सेवर त्यांनी संस्कृतमध्ये ग्रंथही लिहिला. राजकारणात ते लोकमान्य टिळकांचे अनुयायी. टिळकांच्या निधनानंतर गांधीजींचा अहिंसेचा मार्ग त्यांना पटला नाही. ते हिंदू महासभेत गेले आणि १९२७ पासून दहा वर्षे तिचे अध्यक्ष होते.

त्या काळी सैन्यात अधिकारी होणे म्हणजे काय होते, हे आजच्या मुलांना सांगायला हवे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडच्या सँडहर्स्टमध्ये हिंदी तरुणांसाठी वर्षाला फक्त दहा जागा ठेवल्या होत्या. सातासमुद्रापार जायचे, खर्च मोठा, भाषा परकी. त्यातच इंग्रजांनी काही समाजांवर ‘लढाऊ’ असा शिक्का मारलेला, बाकीच्यांना दारातच अडवायचे. मुलांची तयारी व्हावी म्हणून १९२२ साली डेहराडूनला प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या नावाने एक सैनिकी विद्यालय निघाले खरे, पण एवढ्या मोठ्या देशाला ते कितीसे पुरणार?

१९३०-३१ च्या पहिल्या गोलमेज परिषदेला मुंजे लंडनला गेले. संरक्षणाच्या उपसमितीत त्यांनी अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा आग्रह धरला. अधिकारी घडवणारी संस्था हिंदुस्थानातच लवकरात लवकर निघावी, अशी शिफारस त्या उपसमितीने केली. पुढे सरसेनापती चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि १ ऑक्टोबर १९३२ रोजी डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकादमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत ४० जण होते. त्यांपैकी खुल्या स्पर्धा परीक्षेतून घेतलेले अवघे १५. पुढे फील्ड मार्शल झालेले सॅम माणेकशा त्या पंधरांतले एक.

लंडनहून परतताना मुंजे इटलीत थांबले. १९ मार्च १९३१ रोजी ते मुसोलिनीला भेटले आणि तिथल्या मुलांच्या सैनिकी संघटना पाहून प्रभावित झाले. या भेटीवर आजही टीका होते आणि ती वाजवी आहे. एका नेत्याच्या जयजयकारासाठी मुलांना कवायत शिकवणे आणि देशाच्या रक्षणासाठी त्यांना तयार करणे यांत मोठे अंतर आहे. चरित्र लिहिताना हे पान फाडून टाकता येत नाही.

अकादमीचे दार उघडले, पण आत जायला मुले तयार कुठे होती? परीक्षेच्या वर्षी केलेल्या घोकंपट्टीने ना शरीर तयार होते, ना नेतृत्वाचा गुण येतो. ती सवय शाळकरी वयातच लागायला हवी, हे मुंजे यांनी ओळखले. वयाची साठी उलटल्यावर, १९३५ साली, त्यांनी नाशिकला सेंट्रल हिंदू मिलिटरी एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. हिंदू तरुणांना सैनिकी शिक्षण मिळावे हा त्यांचा हेतू नावातच स्पष्ट होता. वर्गणी गोळा करत, संस्थानिकांच्या भेटी घेत ते फिरले. १९३७ साली भोंसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. पुढच्याच वर्षी त्याच्या इमारतीची कोनशिला ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे यांच्या हस्ते बसली. त्या परिसराला रामभूमी म्हणतात आणि तिथल्या विद्यार्थ्यांना रामदंडी. अभ्यासाबरोबर कवायत, घोडेस्वारी, नेमबाजी असा तिथला दिनक्रम.

मार्च १९४८ मध्ये मुंजे गेले. त्यांनी स्वातंत्र्य पाहिले, पण खडकवासल्याची एनडीए पाहिली नाही. तिचा पायाच १९४९ साली घातला गेला.

आज दार पुष्कळ मोठे झाले आहे. वर्षातून दोनदा परीक्षा होते, २०२२ पासून मुलीही एनडीएत जाऊ लागल्या आहेत. लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. मात्र त्यानंतरची एसएसबीची मुलाखतही ९०० गुणांचीच असते आणि ती पाच दिवस चालते. हे निम्मे गुण कोणत्याही क्लासमध्ये दोन महिन्यांत मिळत नाहीत. मी आयुष्यभर बँकेत काम केले, म्हणून माझ्या भाषेत सांगतो : ही रिकरिंग ठेव आहे. आठवी-नववीपासून रोजचे धावणे, मैदानावरचा सांघिक खेळ, एनसीसी, वर्तमानपत्राचे वाचन, चारचौघांत उभे राहून बोलणे, असे हप्ते भरत गेलात तरच मुदतीला रक्कम हाती येते.

मुंजे यांचे सगळे विचार पटलेच पाहिजेत असे नाही. मलाही सगळे पटत नाहीत. पण मुलाला परीक्षेच्या दारात नेऊन सोडण्याआधी त्याला त्या दारापर्यंत चालायला शिकवावे लागते, हे त्यांनी शाळा काढून दाखवले. पुढच्या गुणगौरवाला कुणी क्लासचे नाव विचारले, तर मी आधी विचारणार आहे, सकाळी किती वाजता उठतोस?