इग्नाझ सेमेलवाइस : डॉक्टरांना हात धुवायला लावणारा डॉक्टर

जेवणाआधी हात धू, असं आपण मुलांना रोज सांगतो. पण हीच गोष्ट एका डॉक्टरने मोठमोठ्या डॉक्टरांना सांगितली तेव्हा त्यांना राग आला होता! आज आपण त्या डॉक्टरांची, म्हणजे इग्नाझ सेमेलवाइस यांची माहिती पाहणार आहोत.

त्यांचा जन्म 1 जुलै 1818 रोजी हंगेरीतल्या बुडा इथे झाला. वडील किराणा मालाचे व्यापारी. मुलगा आधी कायदा शिकायला गेला, मग वैद्यकाकडे वळला. 1846 मध्ये त्यांना व्हिएन्नाच्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या विभागात नोकरी मिळाली.

तिथे दोन वॉर्ड होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात शिकाऊ सुईणी. पहिल्या वॉर्डात बाळंतपणानंतरच्या तापाने शंभरातल्या जवळपास दहा बायका जायच्या, दुसऱ्यात चारच्या आत. बायकांना हे ठाऊक होतं. पहिल्या वॉर्डात पाठवू नका म्हणून त्या हातापाया पडायच्या.

असं का? कुणी म्हणे हवा वाईट, कुणी म्हणे गर्दी. गर्दी तर दुसऱ्या वॉर्डातच जास्त! मरणाऱ्या बाईजवळ जाणाऱ्या पाद्रीची घंटा ऐकून बाकीच्या घाबरतात, असंही एक कारण निघालं. सेमेलवाइस यांनी घंटा बंद करून पाहिली, बाळंतपणाची पद्धत बदलून पाहिली. आकडे हलले नाहीत.

मार्च 1847 मध्ये त्यांचे मित्र प्राध्यापक कोलेत्श्का वारले. शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांना लागली होती. त्यांच्या शरीरात जे दिसलं ते हुबेहूब बाळंतिणींसारखं होतं. सेमेलवाइस यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डॉक्टर प्रेतं चिरून तेच हात घेऊन वॉर्डात येतात. सुईणी प्रेतांना हातच लावत नाहीत!

जंतूंची तपासणी तेव्हा कुठली? त्यांच्याकडे चाचणी एकच, नाक. साबणाने धुऊनही हाताला प्रेताचा वास राहायचा. तो घालवायला त्यांनी क्लोरीनयुक्त चुना निवडला. आपल्या गावात विहिरीत टाकतात ना, ती टीसीएल पावडर, साधारण तेच. मे महिन्यात हात धुणं सक्तीचं झालं. एप्रिलमध्ये शंभरात अठरा मृत्यू होते, जुलैत सुमारे एकावर आले.

पण खरा धक्का ऑक्टोबरमध्ये बसला. गर्भाशयाचा कर्करोग झालेली एक बाई पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून डॉक्टर ओळीने पुढच्या बायकांकडे गेले. बारापैकी अकरा जणी दगावल्या. म्हणजे विष फक्त प्रेतातून येत नाही, जिवंत माणसाकडूनही दुसऱ्याकडे जातं. मग प्रत्येक रुग्णानंतर हात धुण्याचा नियम आला. कोरोनाच्या काळात ठणठणीत दिसणाऱ्या नर्सचीही ठरावीक दिवसांनी चाचणी का व्हायची, असं मुलांनी विचारलं तर मी हाच प्रसंग सांगते.

1848 मध्ये मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत वॉर्डात या तापाने एकही बाळंतीण गेली नाही. तरीही 1849 मध्ये त्यांची मुदत वाढवली गेली नाही. आपल्याच हातांनी रुग्ण मेले हे कबूल करणं डॉक्टरांना जड गेलं. मला मात्र वाटतं, सेमेलवाइस यांचंही थोडं चुकलं. त्यांनी वेळेवर लिहून ठेवलं नाही. पुस्तक आलं थेट 1861 मध्ये. पुढे विरोधी प्राध्यापकांना ते जाहीर पत्रांतून खुनी म्हणू लागले. अशाने कोण ऐकणार?

1850 मध्ये मित्रांनाही न सांगता ते व्हिएन्ना सोडून गेले. पेस्टच्या दवाखान्यात त्यांनी सहा वर्षं काम केलं. तिथे या तापाचे मृत्यू शंभरात एकापेक्षाही कमी झाले.

शेवटी त्यांचं मन ढासळलं. 1865 मध्ये त्यांना व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं गेलं. तिथे त्यांना मारहाण झाली, जखम चिघळली आणि विष अंगभर पसरलं. 13 ऑगस्टला, वयाच्या 47 व्या वर्षी ते गेले. आदल्याच दिवशी ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर जंतुनाशक कार्बोलिक अॅसिडची पट्टी बांधली होती.