सर पॅट्रिक गेडिस : जुन्या वस्त्यांचा वैद्य

इंदूर नगरीच्या जडणघडणीचा विचार करताना होळकर राजघराण्याबरोबरच ज्या एका परकीयाचे स्मरण आपण कृतज्ञतेने करावयास हवे, ते सर पॅट्रिक गेडिस होत. १९१८ साली त्यांनी होळकर दरबारास इंदूरच्या नगरविकासाविषयी दोन खंडांचा अहवाल सादर केला. नगररचनेच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. सामान्य नागरिकाला मात्र त्याची फारशी वार्ता नाही. जुनी घरे पाडावीत की राखावीत, हा प्रश्न आज पुन्हा आपल्या दारात उभा असताना या द्रष्ट्या पुरुषाचे चरित्र आठवणे उचित ठरेल.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलाटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. बालपण पर्थ गावाजवळच्या टेकड्यांवर आणि घरच्या बागेत गेले. लंडनला थॉमस हक्सले यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचे अध्ययन केले. १८७९ साली संशोधनासाठी मेक्सिकोत गेले असता नेत्रविकाराने त्यांना ग्रासले आणि काही काळ अंधाऱ्या खोलीत काढावा लागला. दृष्टी परत आली. पण सूक्ष्मदर्शकावरचे दीर्घ काम कायमचे सुटले. मग जीव आणि परिसर यांच्या संबंधांचा वेध घेणारी त्यांची बुद्धी मनुष्य आणि त्याची वस्ती यांच्याकडे वळली.

एडिंबरोला ते वनस्पतिशास्त्र शिकवू लागले, तेव्हा त्या शहराचे दोन तुकडे झाले होते. संपन्न कुटुंबे नव्या, आखीव वसाहतीत गेली होती. जुन्या शहरातील उंच दगडी इमारतींत पूर्वी श्रीमंत आणि गरीब एकाच जिन्याने ये-जा करीत. आता तेथे दाटीवाटीने केवळ दारिद्र्य नांदत होते. १८८६ साली गेडिस यांचा विवाह ॲना मॉर्टन यांच्याशी झाला. त्यानंतर लौकरच हे दांपत्य जुन्या शहरातील जेम्स कोर्ट येथे एका पडीक इमारतीत राहावयास गेले. सुखवस्तू प्राध्यापकाने गलिच्छ वस्तीत बिऱ्हाड करावे, याचे लोकांना नवल वाटले असल्यास आश्चर्य नाही.

गेडिस यांनी उपदेश केला नाही. हाती कुंचा आणि फावडे घेतले. शेजाऱ्यांना सोबत घेऊन भिंतींना चुना दिला, अंगणे साफ केली, खिडक्यांत फुलझाडे लावली. जे घर दुरुस्तीपलीकडे गेले असेल तेवढेच पाडावयाचे, त्या जागेतून मागच्या खोल्यांना उजेड व वारा मिळवून द्यावयाचा आणि मोकळ्या तुकड्यावर बाग करावयाची, ही त्यांची रीत. १८८७ साली त्यांनी तेथे विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. त्याचा कारभार विद्यार्थीच पाहत. रिडल्स कोर्टसारखी जुनी वास्तू अशाच प्रकारे पुन्हा नांदती झाली. कवी ॲलन रॅमसे याच्या घराभोवती रॅमसे गार्डन ही इमारत उभी राहिली व तेथे प्राध्यापकांच्या सदनिका आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या एकत्र आल्या. शिकणारा, शिकविणारा आणि कष्टकरी यांनी पुन्हा शेजारी व्हावे, हे या खटाटोपामागील सूत्र होते. जवळच १८९२ साली त्यांनी एक जुना मनोरा घेतला आणि तेथे नगराचे दर्शन घडविणारे संग्रहालय थाटले.

द्रव्यव्यवहार मात्र त्यांना कधी साधला नाही. कर्जाचा भार वाढला तेव्हा १८९६ साली एक मंडळी स्थापून या मालमत्ता तिच्याकडे सोपवाव्या लागल्या. पुढे रॅमसे गार्डन धनिकांचा पत्ता बनले. घर सुधारले की त्याची किंमत वाढते आणि ज्याच्यासाठी सुधारावे त्यालाच ते परवडेनासे होते, हा पेच त्यांच्या कार्यातही सुटलेला नाही.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस हिंदुस्थानात आले. त्यांच्या नगरप्रदर्शनाचे सामान घेऊन येणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. मित्रांच्या साहाय्याने त्यांनी नवा संग्रह जमविला आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरविले. पुढील काही वर्षांत तंजावर, मदुरा, बडोदे, लखनौ, लाहोर अशा अनेक नगरांचे त्यांनी पायी फिरून निरीक्षण केले. १९१७ हे वर्ष त्यांच्या दृष्टीने दारुण ठरले. एप्रिलमध्ये पुत्र ॲलस्टर फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. जूनमध्ये ॲनाबाई कलकत्त्यात निवर्तल्या. आजारी मातेला पुत्राच्या मृत्यूची वार्ता कळू दिली नव्हती. या दुहेरी आघातानंतरच्या काळात त्यांचे इंदूरचे काम झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या अहवालाचे मोल अधिक जाणवते.

आपल्या पद्धतीला ते जतन करणारी शस्त्रक्रिया म्हणत. वैद्य नाडी पाहिल्याविना औषध देत नाही. त्याप्रमाणे घरन्‌घर पाहून नकाशा केल्याविना आराखडा करू नये, असा त्यांचा आग्रह होता. दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढला तर शेकडो कुटुंबे उठतात आणि उरलेल्या घरांत जाऊन तेथील गर्दी वाढवितात. म्हणजे ज्या रोगावर उपाय करावयाचा तोच बळावतो. त्याऐवजी मोडकी घरे तेवढी काढावीत, बोळ जरुरीपुरता रुंद करावा, रिकाम्या जागी चौक करून झाड लावावे, देऊळ व विहीर राखावी. खर्च कितीतरी कमी आणि विस्थापन थोडके. तळी बुजविण्यासही त्यांचा विरोध होता. डासांच्या अळ्या खाणारे मासे पाण्यात सोडावेत, असे ते सुचवीत.

इंदूरला प्लेगचे भय होते. गेडिस यांच्या चरित्रकारांनी सांगितलेली हकीकत अशी की, होळकर महाराजांनी त्यांना एका दिवसाचा राजा होण्याची मुभा दिली आणि दिवाळीची मिरवणूक त्यांच्या स्वाधीन केली. मिरवणूक ठरलेल्या मार्गाने न जाता ज्या रस्त्यांवरची घरे अधिक स्वच्छ व दुरुस्त झाली असतील तेथूनच जाईल, असे जाहीर झाले. घरोघर सफाई सुरू झाली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता. शुभ्र वस्त्रे ल्यालेले सफाई कामगार मानाने चालत होते. लक्ष्मीमागोमाग इंदूर नगरीची नवी देवता होती आणि तुळशीची रोपे वाटली जात होती. लोकांच्या श्रद्धेचा अव्हेर न करता तिलाच नागरी कर्तव्याकडे वळविण्याची ही हातोटी विरळाच.

१९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे प्राध्यापक होते. डॉ. गो. स. घुर्ये यांची निवड करून त्यांना उच्च शिक्षणासाठी विलायतेस धाडण्याचे श्रेय त्यांचेच. अखेरचा काळ फ्रान्समधील माँपेलिए येथे गेला. १९३२ च्या आरंभी सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला तेथेच त्यांचे निधन झाले. एडिंबरोच्या रिडल्स कोर्टमध्ये २०१७ साली त्यांच्या नावाचे केंद्र सुरू झाले.

त्याच २०१७ पासून स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात इंदूरने सलग अनेक वर्षे पहिला क्रमांक मिळविला. गेडिस यांना त्याचा आनंदच झाला असता. परंतु कचरा आणि जुने घर यांत त्यांनी केलेला भेद आपण विसरता कामा नये. तळमजल्यावर दुकान किंवा पेढी, वर बिऱ्हाडे, मध्ये सर्वांचा चौक, ही आपल्या वाड्यांची रचना धंदा, घर आणि शेजार यांना एका छपराखाली सांभाळीत आली आहे. तिचे जिने सुरक्षित करणे, न्हाणीघरे व सांडपाण्याची सोय करणे, भाडेकरू आणि मालक यांचा मेळ घालणे, हे काम किचकट आहे. पण पाडलेला शेजार पुन्हा बांधता येत नाही. वाड्यावर पहार पडण्यापूर्वी त्यात कोण राहते, काय विकते आणि कोणाच्या आधाराने जगते, याची पाहणी व्हावी, एवढी अपेक्षा गेडिस यांच्या अहवालाच्या वारसदारांकडून करणे वावगे ठरू नये.