एस. चंद्रशेखर आणि व्याधाचा जोडीदार

नोबेल मिळालेल्या भारतीय वंशाच्या लोकांची यादी आपण जी.के.साठी पाठ केलेली असते. त्यात एस. चंद्रशेखर, फिजिक्स, १९८३ एवढं एका ओळीत संपतं. पण हा माणूस एका ओळीत संपणारा नाही, म्हणून हा लेख.

चंद्रशेखर यांचा जन्म १९१० साली लाहोरचा. घर तमिळ, काका सी. व्ही. रामन. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून शिकून स्कॉलरशिपवर केंब्रिजला जायला ते जुलै १९३० मध्ये मुंबईहून बोटीत बसले. वय १९! म्हणजे आपल्या एस.ई.-टी.ई.चं. त्या प्रवासात त्यांनी एक गणित मांडलं. इंधन संपलेला तारा आकसून 'श्वेत बटू' होतो आणि आतल्या इलेक्ट्रॉनांच्या दाबावर तग धरतो. पण इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ गेला तर? सापेक्षतावाद लावल्यावर उत्तर आलं, की या तग धरण्यालाही मर्यादा आहे. पुढे नीट बसलेला आकडा सूर्याच्या सुमारे १.४ पट. त्याहून जड उरलेला तारा श्वेत बटू म्हणून टिकूच शकत नाही.

जानेवारी १९३५ मध्ये लंडनला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी हे वाचलं. लगेच एडिंग्टन उठले आणि सगळ्यांसमोर त्यांनी या मर्यादेची थट्टा केली. एडिंग्टन म्हणजे त्या काळातलं सर्वात मोठं नाव! गणित बरोबर आहे हे मोठमोठ्या लोकांना खाजगीत पटत होतं, उघड मात्र कोणी बोललं नाही. चंद्रशेखर २४ वर्षांचे होते. व्हायवात एक्स्टर्नलने झापलं तर आपण आठवडाभर मेसमध्ये तेच उगाळतो! त्यांनी भांडण वाढवलं नाही, एडिंग्टनशी मैत्रीही तोडली नाही. ते अमेरिकेत शिकागो विद्यापीठात गेले, १९३९ साली ताऱ्यांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला आणि विषय बदलला. पुढे आयुष्यभर हीच पद्धत: एका विषयात काही वर्षं बुडायचं, ग्रंथ लिहायचा, पुढच्या विषयाकडे जायचं.

आता व्याधाकडे येऊ. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे हा तारा मला आधी सिरियस म्हणून माहीत होता. 'व्याध' हे नाव निरगुडसरला आजीकडून कळलं. व्याध आपल्यापासून फक्त ८.६ प्रकाशवर्षं दूर आहे आणि तो एकटा नाही, जोडतारा आहे. त्याचा जोडीदार श्वेत बटू: वजन सूर्याएवढं, आकार पृथ्वीएवढा. म्हणजे मर्यादेच्या आतला, म्हणून टिकलेला.

१९७५ साली नेदरलँड्सच्या उपग्रहाला व्याधाकडून क्ष-किरण येताना सापडले. पण दोघांपैकी कोणाकडून, आणि कशामुळे? आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटीच्या ३० अँटेनांचा इथे उपयोग नाही. त्या रेडिओ लहरी पकडतात, आणि क्ष-किरण तर वातावरणातून खाली येतच नाहीत. दुर्बीण अवकाशातच हवी. मोठ्या ताऱ्याभोवतीच्या तप्त वायूपासून जोडीदाराच्या पृष्ठभागापर्यंत बरेच तर्क झाले. शेवटी पटलं ते असं: जोडीदाराचा पृष्ठभाग सुमारे २५ हजार अंश तापलेला आहे, त्यावरचं हायड्रोजनचं आवरण क्ष-किरणांना पारदर्शक आहे, त्यामुळे आतल्या आणखी तप्त थरांतले किरण बाहेर पडतात.

जुलै १९९९ मध्ये नासाने क्ष-किरण दुर्बीण सोडली. तिने घेतलेल्या चित्रात दोघे वेगळे दिसले, आणि डोळ्यांना हजारो पट फिका असणारा जोडीदारच जास्त तेजस्वी निघाला. त्या दुर्बिणीचं नाव 'चंद्रा'. चंद्रशेखर यांना सगळे याच नावाने हाक मारत. हे चित्र बघायला ते नव्हते. १९९५ साली शिकागोत ते वारले. पुण्यात आयुकाच्या सभागृहालाही त्यांचंच नाव आहे.

मित्रांनो, फेब्रुवारीत रात्री लाइट गेली की पीएल असली तरी पाच मिनिटं गच्चीवर या. मृगाच्या पोटातल्या बाणाची रेघ खाली वाढवा, व्याध लगेच सापडेल. जोडीदार डोळ्यांना दिसणार नाही, पण तो तिथेच आहे.