स्वरमेळाचे मूळ शोधणारे झाँ फिलिप रामो

प्रार्थनेच्या वेळी पियानोची साथ चालू असता तीन-चार स्वर एकदम वाजतात, तरी ते परस्परांशी भांडत नाहीत, हे आमच्या बालवाचकांनी ऐकले असेलच. अशा स्वरसमूहास कॉर्ड म्हणतात, व कॉर्डांच्या शास्त्रास हार्मनी अथवा स्वरमेळ हे नाव आहे. या शास्त्राची घडी बसविणारे झाँ फिलिप रामो यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

रामो यांचा जन्म १६८३ साली फ्रान्समधील दिजाँ या नगरी झाला. त्यांचे वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. मुलाने कायदा शिकावा अशी वडिलांची इच्छा होती. परंतु जेझुइट पाद्र्यांच्या विद्यालयात हा मुलगा पाठाच्या वेळीही गात असे, म्हणून त्यास विद्यालय सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. पुढे त्यांनी वडिलांचाच मार्ग धरिला व क्लेरमाँ येथील कॅथीड्रलात आणि अन्यत्र ऑर्गन वाजविण्यात उमेदीची वर्षे घालविली.

त्या काळी विद्यार्थ्यास कॉर्डांचे अनेक प्रकार निरनिराळे समजून पाठ करावे लागत. नियम पुष्कळ असत; त्यांचे कारण क्वचितच सांगितले जाई. रामो यांचे एवढ्याने समाधान होईना. १७२२ साली स्वरमेळावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून त्यांनी दाखविले की, वरवर भिन्न भासणाऱ्या कित्येक कॉर्डांचे मूळ एकच असते. पांढरी एक हा षड्ज धरून सा-ग-प हे स्वर एकदम वाजवावे. मग ग-प-सा व प-सा-ग असे वाजवावे. तळचा स्वर बदलला, तरी कूळ बदलत नाही. तिहींचा मूळपुरुष षड्जच होय. याच रीतीने म-ध-सा व प-नी-रे हे मेळ बोटांत बसले, म्हणजे पुष्कळ सोप्या प्रार्थनागीतांस साथ करिता येते.

पुढे रामो यांस सोव्हर या शास्त्रज्ञाच्या शोधांचा आधार मिळाला. एक तार छेडिली असता तिच्या नादात वरचा षड्ज, पंचम व गांधार हेही सूक्ष्मपणे घुमतात. ही गोष्ट आम्हांस परकी नाही. ज्या नाशकात पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी रामनाम आधाराश्रम स्थापिला, तेथे तंबोरा कोणास अनोळखी असणार? त्याच्या खरजाच्या तारेतून उमटणाऱ्या या गांधारास आपले गवई स्वयंभू गांधार म्हणतात. आपल्याकडे त्या नादाच्या आधारे राग विस्तारतो. रामो यांनी त्यातच स्वरमेळाचे बीज पाहिले. कोमल गांधाराच्या मेळाची उपपत्ती मात्र त्यांस तितक्या समाधानकारक रीतीने लाविता आली नाही. तथापि त्यांनी शोध अखेरपर्यंत सोडिला नाही.

त्यांचे पहिले संगीतनाटक रंगभूमीवर आले ते १७३३ साली, म्हणजे वयाच्या पन्नाशीत. कोणी त्याची स्तुती केली, कोणी तीव्र निंदा केली. तरी त्यांची लेखणी थांबली नाही. १७५२ साली दालांबेर या गणितज्ञाने त्यांचे सिद्धान्त सुबोध करून प्रसिद्ध केले. १७६४ साली पॅरिस येथे रामो निवर्तले.

पालकांस आमची एवढीच विनंती की, मुलाने किती कॉर्ड पाठ केल्या हे विचारण्यापूर्वी त्यांतील एकीचे मूळ त्यास विचारावे. आमच्या द्वारकेतील ज्या घरी पियानो नसेल, तेथे पेटीवरही हे तीन मेळ वाजवून पाहता येतील.